ओव्हरटाइमचा हिशोब (ओटी)

ओव्हरटाइम, म्हणजे कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी 'ओटी'. ठरलेल्या तासांच्या वर काम झालं की त्या जादा तासांचे पैसे नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायचे, असं कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ५९ सांगायचं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी केंद्राच्या कामगार संहिता आल्या, खालचा तासांचा हिशोब जुन्या कायद्याचा आहे). डबल मिळतं हे चाकण, वाळूज, सातपूर कुठल्याही एमआयडीसीतल्या नवीन लागलेल्या हेल्परलाही माहीत असतं, भांडण होतं ते कशाचं डबल आणि दिवस नेमका कुठे संपला यावर.

आधी तास. त्या कायद्यात मर्यादा होती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, दोन्हीपैकी कुठलीही ओलांडली की ओटी सुरू. जेवणाची सुट्टी कामात धरत नाहीत. समजा सकाळी ८ ते रात्री ८ अशी बारा तासांची ड्युटी, मध्ये अर्धा तास जेवण, आठवड्यातून सहा दिवस. रोज साडेअकरा तास भरले म्हणजे आठवड्याचे ६९. रोजचे ९ च्या वरचे मोजले तर १५ तास ओटी येतो, पण ४८ च्या वरचे मोजले तर २१. कामगाराला द्यायचे २१ चेच, दोन्हींची बेरीज मात्र करायची नाही (ही चूक युनियनवालेही करतात). तसं बघायला गेलं तर ही ड्युटीच त्या कायद्यात बसत नव्हती, कारण ओटी धरूनही आठवड्याला साधारण ६० तासांच्या वर नेता येत नव्हतं. पण बसत नाही म्हणून पैसे बुडत नाहीत, केलेल्या कामाचे द्यावेच लागतात.

आता दर. बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १५,६०० रुपये असतील तर कामाच्या २६ दिवसांनी भागून दिवसाचे ६००, आठने भागून तासाचे ७५, डबल १५०. एकवीस तासांचे ३,१५० झाले. आता हाच हिशोब काही ठेकेदार कसा करतात बघा: डीए बाजूला काढून नुसतं बेसिक १०,४०० धरायचं, २६ ऐवजी ३० ने भागायचं, मग तासाला डबल करूनही ८६ रुपये ६७ पैसे, आणि २१ तासांचे १,८२०. पेस्लिपवर 'डबल' लिहिलेलंच असतं, आणि आठवड्याला १,३३० रुपये गेले. त्या कायद्यातला साधा दर म्हणजे बेसिक अधिक भत्ते, त्यात बोनस आणि ओटी स्वतः धरत नसत. 'सिंगल ओटी' नावाचा प्रकार चालतो तो तर सरळ बेकायदा. पीस रेटवाल्यांचा, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्यांचा, दर मागच्या महिन्याच्या सरासरी कमाईवरून काढायचे.

खरी गंमत रात्रपाळीत आहे. रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही म्हणून सेकंड शिफ्टच्या माणसाने डबल मारली, म्हणजे सलग दोन पाळ्या केल्या, दुपारी साडेतीन ते सकाळी साडेसात. दोन्ही पाळ्यांत अर्धा अर्धा तास जेवण सोडलं तरी १५ तास काम, म्हणजे ६ तास ओटी. पण पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख रात्री १२ ला बदलत असेल तर १२ च्या आधी आठ आणि नंतर सात तास दिसतात, दोन्ही दिवस नऊच्या आत आणि ओटी शून्य! याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये होतं, पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली तर १२ नंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे, आणि साप्ताहिक सुट्टीसुद्धा पाळी संपल्यापासून पुढचे २४ तास. टाइम ऑफिसमध्ये जाऊन मस्टर बघायचं ते यासाठी.

मॅनेजमेंटच्या पोस्टवरच्यांना हे सहसा लागू नसतं, म्हणून मशीन चालवणाऱ्यालाच 'ज्युनियर एक्झिक्युटिव्ह' करून टाकायची आयडिया निघाली, पण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते महत्त्वाचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीतल्या ओटीची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात दिवस ८ तासांचा, दर दुप्पटच. तिथे वेतनाची व्याख्या वेगळी आहे, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात परत धरायचा, म्हणजे २४,००० पगारात बेसिक-डीए ९,००० च दाखवलं तरी दर १२,००० वर निघेल. ओटीवर पीएफ कापत नाहीत, ईएसआय (कामगार विमा) मात्र जुन्या कायद्यात कापायचे.