पायाला मुंग्या येतात म्हणून बी-कॉम्प्लेक्स? आधी बी-12 बघा

"ह्यांच्या पायाला मुंग्या येतात हो, एखादं बी-कॉम्प्लेक्स द्या." पुण्यात कुठल्याही पेठेतल्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. समोरून कॅप्सूलची पट्टी येते आणि साठी-सत्तरीतल्या नवऱ्याची किंवा बायकोची सोय लागली असं वाटतं. बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-12 असतं, हे खरं. पण ज्याच्या अंगात ते खरोखर कमी पडलंय, त्याला बहुतेक वेळा ते पुरत नाही. शिवाय त्याच कॅप्सूलमधला फॉलिक अॅसिड हा घटक खरं दुखणं झाकून ठेवू शकतो.

पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-1, बी-2, बी-3, बी-6 अशी मंडळी मिलिग्रॅममध्ये असतात आणि बी-12 मायक्रोग्रॅममध्ये, बऱ्याच कॅप्सूलांत 15 च्या आसपास. नुसत्या बी-12 च्या गोळीवर 500, 1000 किंवा 1500 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. कुठे 1500 मायक्रोग्रॅमच्या ऐवजी 1.5 मिलिग्रॅम छापतात, दोन्ही एकच.

रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, मग हजार कशाला? जठरातून येणारं एक प्रथिन बी-12 ला धरून आतड्यातून आत नेतं. त्या वाटेने एका वेळी साधारण दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातं, गोळी कितीही मोठी असो. त्यापलीकडचं बी-12 नुसतं झिरपून आत शिरतं, आणि तेही फार तर एक टक्का. म्हणजे 1000 च्या गोळीतून झिरपून दहाएक मायक्रोग्रॅम मिळतात, तर 15 च्या कॅप्सूलमधून त्या वाटेने जवळपास काहीच मिळत नाही. ते प्रथिनच कमी पडत असेल, तर कॅप्सूल नावापुरती उरते.

आता फॉलिक अॅसिड. बी-12 कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत आणि नसांची आवरणंही खराब होतात. जास्त मात्रेतलं फॉलिक अॅसिड रक्ताची बाजू सावरू शकतं: हिमोग्लोबिन वाढतं, थकवा कमी होतो, घरचे निर्धास्त होतात. नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं आहे एवढ्यावर बी-12 ची शंका सोडू नका.

नसांची तक्रार ओळखायला घरातलंच लक्ष लागतं. तळव्यांना दोन्हीकडे सारख्या मुंग्या येतात. चालता चालता चप्पल पायातून निघते आणि कळतच नाही. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पाऊल नेमकं कुठे पडतंय ते खाली बघितल्याशिवाय उमगत नाही. सगळ्यात बोलकी खूण बेसिनपाशी दिसते: तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो आणि हात काठ शोधतो. जोडीदार हे स्वतःहून सांगत नाही, "वय झालं" म्हणून सोडून देतो. जवळ उभं राहून बघावं लागतं.

पुण्यात ही कमतरता किती पसरलेली आहे, हे इथेच मोजलेलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून 2006 साली निष्कर्ष छापले. 67 टक्के लोकांत बी-12 कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, इडली यांतून बी-12 मिळत नाही. मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून. उतारवयात जठरातलं आम्ल घटतं, त्यामुळे अन्नातलं बी-12 सुटं होत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर साठा आणखी उतरतो. अशा माणसाचं बी-12 वर्षातून एकदा तपासलेलं बरं.

आणि तपासणी गोळी सुरू करायच्या आधीच करावी. चार दिवस गोळ्या घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगून येतो आणि खरी स्थिती कळत नाही. रक्ताच्या दर मिलिलिटरला साधारण 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. 200 ते 300 हा संशयाचा पट्टा. तिथे लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड बघायला सांगतात; बी-12 कमी पडलं की रक्तात हे दोन्ही वाढतात. केसांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन चालू असेल तर ते आधी सांगा, काही यंत्रांवर त्याने आकडे चुकतात.

कमतरता निघाली तर पोटातून रोज 1000 मायक्रोग्रॅम बहुतेकांना पुरतं. मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन, बी-12 च्या या दोन रूपांतलं कुठलं, यावर फार डोकं शिणवू नका, दोन्ही चालतात. किडनी बिघडलेली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच निवडा. जास्त जपायचं ते "नसांची गोळी" म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांना. त्यांत बऱ्याचदा 75 मिलिग्रॅम प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध असतं. त्याने झोप येते, गरगरतं, आणि आधीच तोल जाणारं माणूस रात्री बाथरूमच्या वाटेवर पडतं. ही गोळी जीवनसत्त्व म्हणून परस्पर आणायची नाही. दुसरं बी-6: 100 मिलिग्रॅमसारख्या मात्रेत ते महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच पायाला मुंग्या येऊ शकतात.

बी-कॉम्प्लेक्स वाईट नाही. ओठांचे कोपरे चिरतात, जेवण उतरलंय, आजारपणातून नुकतं उठलंय, अशा वेळी डॉक्टर ते देतात. लघवी पिवळीधमक होते ती बी-2 मुळे, घाबरू नका. बी-12 चा उपचार चालू असताना सोबत घेतलं तरी हरकत नाही, पण त्याच्या जागी नको.

रक्त काही आठवड्यांत सुधारतं. नसांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर सगळं भरून येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा आकडा बघा. चालताना पाय अडखळत असतील, स्मरणशक्ती झपाट्याने उतरत असेल, किंवा जठराचं वा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर गोळीवर थांबू नका. इंजेक्शनचा कोर्स लागतो. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा.