द्रवधातू जनित्रांतील धातूंची झीज व तिचे निवारण

वितळलेल्या धातूचा प्रवाह चुंबकीय क्षेत्रातून वाहवून थेट वीज मिळवणाऱ्या यंत्रणेला द्रवधातू एमएचडी (मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक) जनित्र म्हणतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात पारा आणि नायट्रोजन यांच्या मिश्रप्रवाहावर असे प्रयोग झाले, तसेच शिसे-बिस्मथ मिश्रधातू नळ्यांतून सतत फिरवणारी अभिसरण-संयंत्रेही तेथे उभारली गेली.

खाऱ्या, दमट हवेने गंजणारे कठडे आणि खिडक्यांचे गज मुंबईकरांच्या नेहमीच्या पाहण्यातले. त्या गंजाला पाणी आणि क्षार लागतात, म्हणून रंगाने किंवा जस्ताच्या मुलाम्याने तो लांबवता येतो. द्रवधातूतली झीज मुळातच वेगळी आहे. येथे पोलाद सरळ विरघळते, आणि जस्त तर त्याच्याही आधी जाते. संयंत्राच्या तापलेल्या भागात विरघळलेले घटक थंड भागात पुन्हा बसतात. त्यामुळे द्रव कधीच पुरता संपृक्त होत नाही. एकीकडे भिंत पातळ होत राहते आणि दुसरीकडे नळी चोंदत जाते. शिसे व बिस्मथमध्ये निकेल सर्वांत सहज विरघळते. म्हणून येथे निकेलयुक्त स्टेनलेस पोलादापेक्षा ९ टक्के क्रोमियमचे पोलाद बरे ठरते.

शिसे-बिस्मथमध्ये मुख्य उपाय ऑक्सिजनचाच आहे, मात्र अगदी मोजून. वजनाच्या हिशेबाने दहा कोटी भागांत सुमारे एक भाग ऑक्सिजन असला, की पोलादावर लोह-क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि विरघळणे थांबते. प्रमाण घटले तर थर नाहीसा होतो. वाढले तर शिशाचे ऑक्साइड गाळासारखे साचते. १९६८ मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-२७ च्या अणुभट्टीत झालेल्या अपघातामागे अशाच गाळाने अडलेला प्रवाह होता, असे मानले जाते. म्हणून झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइडच्या) संवेदकाने ऑक्सिजनवर सतत नजर ठेवणे हे पोलादाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या वर या थराचा भरवसा राहत नाही. तेव्हा पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवतात. त्यापासून तयार होणारा ॲल्युमिनाचा थर पातळ असला तरी टिकाऊ असतो. नायोबियम, मॉलिब्डेनम यांसारखे धातू फारसे विरघळत नाहीत, पण तापल्यावर बाहेरची हवा त्यांना खाते, म्हणून भोवती निष्क्रिय वायू ठेवावा लागतो.

द्रवधातू म्हणून सोडियम वापरला, तर गणित उलट आहे. त्यात ऑक्सिजन जितका कमी तितके चांगले. प्रवाहाचा काही भाग थंड सापळ्यातून, म्हणजे ऑक्साइड गोठून बसेल अशा थंड भागातून, फिरवून ते काढून टाकतात. पाऱ्याच्या जुन्या वाफ-संयंत्रांत झीज रोखण्यासाठी पाऱ्यातच थोडे टायटॅनियम व मॅग्नेशियम मिसळत असत.

जनित्रात आणखी एक पेच असतो. नळीला वाचवणारा ऑक्साइडचा थर विजेला अडवतो. निरोधक भिंतीवर तो हवाच असतो, पण वीज बाहेर नेणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसला तर द्रवाशी विद्युत संपर्क बिघडतो. त्यातच वायूमिश्रित वेगवान प्रवाह हा थर खरवडत असतो. त्यामुळे प्रवाहमार्गाच्या प्रत्येक भिंतीसाठी पदार्थ आणि लेप स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.