कृष्ण आणि बलरामाच्या मधे उभी असलेली ही कोण?

गोकुळाष्टमीच्या कथेत एक पात्र जेमतेम दोन मिनिटं येऊन जातं. वसुदेव बाळकृष्णाला यशोदेच्या कुशीत ठेवतो, तिची नुकतीच जन्मलेली मुलगी उचलून तुरुंगात आणतो, कंस तिला शिळेवर आपटतो आणि ती त्याच्या हातातून सुटून आकाशात जाते, तुझा वैरी जन्मला म्हणून सांगते आणि गायब. मग आपण सगळे दहीहंडीकडे वळतो. या मुलीचं नाव एकानंशा, आणि साधारण 1800-1900 वर्षांपूर्वी मथुरेत तिची मूर्ती चक्क कृष्ण-बलरामाच्या मधोमध पूजेला असायची.

पुरावा कसला, तर दगडाचा. कुषाण काळात मथुरेच्या शिल्पकारांनी सिक्रीच्या त्या ठिपकेदार लाल दगडात छोटे छोटे फलक कोरले, त्यातल्या काहींवर तीन जण ओळीत उभे आहेत. एकाच्या डोक्यावर नागाचा फणा, म्हणजे बलराम, दुसऱ्याला चार हात, गदा-चक्र, म्हणजे वासुदेव, अर्थात कृष्ण, इथपर्यंत सोपं आहे. पण मधली बाई? तिचा एक हात अभयमुद्रेत, दुसरा विठोबासारखा कटेवर. लक्ष्मी म्हणून मोकळं होता आलं असतं, पण बायको म्हटली की मूर्तिकलेत ती सहसा नवऱ्याच्या बाजूला असते, दोन भावांच्या मधे तिचं काय काम.

उत्तर सापडलं वराहमिहिराकडे. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी, त्याच्या बृहत्संहितेत मूर्ती कशा घडवाव्यात यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की एकानंशा बलदेव आणि कृष्ण यांच्या मधे करावी, डावा हात कमरेवर, दुसऱ्या हातात कमळ. चार हात किंवा आठ हात द्यायचे असतील तर कुठल्या हातात पुस्तक, कुठल्यात जपमाळ, आरसा, धनुष्यबाण हेही त्यानं दिलंय. म्हणजे हे तपशील एव्हाना ठरून गेलेले होते.

महाभारताला जोडलेल्या हरिवंश या ग्रंथात तर हेच दृश्य आहे. द्वारकेत यादवांची सभा भरलेली असते, एकानंशा येते आणि दोघे भाऊ तिचे दोन हात धरतात, ती मधे. आणि का पूजायची तेही सांगितलंय, तिच्यामुळे कृष्ण वाचला म्हणून यादव तिला भजतात. त्याआधीची गोष्ट तर मला जास्तच इंटरेस्टिंग वाटते, कारण ही विष्णूची योगनिद्रा, म्हणजे त्याची झोपच देवीच्या रूपात, विष्णूनंच तिला कामाला लावलंय, देवकीचा सातवा गर्भ रोहिणीकडे हलवायचं काम तिचं आणि आठव्याच्या जागी स्वतः जन्म घ्यायचं कामही तिचंच. दोन्ही भावांचा जन्म तिच्या जिवावर झालाय. तिला नुसती अदलाबदलीची मुलगी म्हणणं म्हणजे फारच कमी लेखणं झालं!

पण सगळीकडे ती दिसत नाही, हेही सांगायला हवं. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे ना, त्यात संकर्षण (म्हणजे बलराम) आणि वासुदेव यांना वंदन आहे, हिचं नाव नाही. ग्रीक राजा अगॅथोक्लिसच्या इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर पण हे दोघंच. मथुरेजवळ मोरा गावी सापडलेल्या लेखात वृष्णींचे, म्हणजे कृष्णाच्या कुळातले, पाच वीर आहेत, ते पण पुरुषच. मध्य प्रदेशात टिकला इथल्या एका जुन्या खडकचित्रात मात्र दोघांसोबत तिसरी स्त्री आकृती आहे आणि अभ्यासक तिला बहुतेक एकानंशाच मानतात.

पुढे काय झालं? पांचरात्र या वैष्णव पंथानं वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न, अनिरुद्ध असे चार व्यूह, म्हणजे विष्णूची चार रूपं, पक्के केले, विष्णूशेजारी लक्ष्मी आली, आणि बहिणीला त्या मांडणीत जागा उरली नाही. माझ्या मते तिचा स्वभावही आड आला असणार. हरिवंशातच तिला मद्य-मांस आवडतं, शबर-पुलिंद या रानातल्या जमाती तिची पूजा करतात, ती विंध्य पर्वतात राहते आणि शुंभ-निशुंभांना मारते. तुळस आणि दूध-लोण्याच्या वैष्णव देवघरात हे कसं बसायचं? मग ती शाक्तांकडे, म्हणजे देवीच्या उपासकांकडे गेली. नवरात्रात आपल्याकडे सप्तशतीचा पाठ होतो त्यात अकराव्या अध्यायात देवी म्हणते की मी नंदगोपाच्या घरी यशोदेच्या पोटी जन्म घेईन आणि विंध्याचलावर राहीन. तीच ही.

पूर्ण मात्र गेली नाही. भुवनेश्वरचं अनंत वासुदेव मंदिर 1278 चं, तिथे आजही भाऊ-बहीण तिघं आहेत, आणि पुरीला तर जगन्नाथ-बलभद्रांच्या मधे सुभद्रा आहेच. तिची पूजा भुवनेश्वरी देवीच्या मंत्रानं होते, जे अर्जुनाच्या बायकोसाठी जरा विचित्रच आहे, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की नाव सुभद्रेचं असलं तरी जागा एकानंशेची आहे.

जैनांनीही तिला सोडलं नाही. जिनसेन या जैन आचार्याचं हरिवंशपुराण (वरच्या हरिवंशाहून वेगळं) इ.स. 783 चं, त्यात कंस मुलीला मारत नाही, नाक चेपून सोडून देतो. ती मोठी होऊन साध्वी होते, विंध्यात ध्यानाला बसते, तिथले शिकारी तिला देवी समजून नवस करून जातात आणि मागे सिंह तिला खातो. शिकारी परत येतात तर तीन बोटंच उरलेली, ते त्यांचीच पूजा सुरू करतात आणि रेडे बळी द्यायला लागतात. जिनसेनाला देवी आणि पशुबळी खोटे ठरवायचे होते हे उघड आहे, पण विंध्यवासिनी म्हणजे तीच यशोदेची मुलगी हे त्यालाही धरूनच चालावं लागलं.