दहा मिनिटे वाजवा, सहा तास थांबा

बोट किंवा मनगट दुखावलेल्या वादकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, वाद्य सहा आठवडे खोळीतून बाहेरच काढू नका. दोन, रियाज सोडू नका, वाजवता वाजवताच हात मोकळा होतो. पहिला सल्ला काळजीवाहू लोक देतात, दुसरा मुरलेले वादक. दुखावलेल्या जागेला नेमके काय हवे आहे, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. तिला ताण हवा असतो, पण थोडा, ठरावीक वेळ आणि मध्ये भरपूर अंतर ठेवून.

आधी मर्यादा सांगतो. हा लेख अतिवाजवण्याने किंवा मुरगळण्याने दुखावलेल्या कंडरांबद्दल आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा चिवट पट्टा, डॉक्टरांच्या भाषेत टेंडन. कंडरा तुटून शिवावी लागली असेल तर इथले आकडे लागू नाहीत. शिवलेला जोड पहिले तीन आठवडे फार कमजोर असतो, सहा आठवड्यांपर्यंत जोर लावायचा नसतो आणि पूर्ण जोराला साधारण बारा आठवडे लागतात. त्या काळातले वेळापत्रक शल्यविशारद आणि हाताचा फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

बोटांमध्ये त्यांना वाकवणारे स्नायू नसतातच. ते असतात तळव्यात आणि मुख्यतः कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात. तिथून लांब कंडरा निघतात, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांच्या हाडांना चिकटतात. त्या बोगद्यात नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू दाटीवाटीने बसलेले असतात. बोटाचे टोक जेवढ्या जोराने तार दाबते त्याच्या साधारण तिप्पट ओढ कंडरेवर येते, कारण सांध्याजवळ तिला मिळणारी तरफ आखूड असते. बोट फक्त टेकवले आहे असे वाटत असताना कंडरा बरेच काम करत असते.

कंडरा बरी व्हायला एवढा वेळ का लागतो, याचे उत्तर अणुचाचण्यांमधून मिळाले. १९५५ ते १९६३ या काळात खुल्या हवेत झालेल्या स्फोटांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन, कार्बन-१४, जवळपास दुप्पट झाला आणि नंतर वर्षावर्षाने उतरत गेला. शरीरातली जी ऊती ज्या वर्षी बनली, त्या वर्षीचे प्रमाण तिच्यात राहते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या, म्हणजे अकिलीस कंडरेचा गाभा या पद्धतीने तपासला. तो वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असे दिसले. त्याच माणसांचे स्नायू मात्र सतत नवे होत होते. हाताच्या कंडरा अशा मोजलेल्या नाहीत, पण बांधणी तीच आहे: कोलॅजन या चिवट प्रथिनाचे समांतर धागे, थोड्या पेशी, त्याहून थोड्या रक्तवाहिन्या.

इजा झाली की शरीर घाईघाईने ठिगळ लावते. सुरुवातीचे काही दिवस सूज, मग काही आठवडे तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनची बारीक, आडवीतिडवी विण. त्याच्या जागी पहिल्या प्रकारचे जाड, ओढीच्या दिशेने रचलेले धागे यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. धागे कोणत्या दिशेने रचायचे हे पेशींना ओढीतूनच कळते. हात गळ्यात बांधून ठेवला तर सूज उतरते, पण ठिगळाला दिशा मिळत नाही. म्हणून पूर्ण विश्रांतीनंतर वाद्य हातात घेतले की आठ दिवसांत दुखणे परत येते आणि लोक म्हणतात, विश्रांती कमी पडली.

ओढ पेशीपर्यंत कशी पोचते, हा सगळ्यात रंजक भाग आहे. कंडरेतल्या पेशी, टेनोसाइट, धाग्यांच्या मधल्या जागेत रांगेने बसलेल्या असतात. त्यांच्या आवरणातले इंटेग्रिन नावाचे प्रथिन बाहेर कोलॅजनला धरलेले असते आणि आत पेशीच्या सांगाड्याला. बाहेर धागा ताणला की आत सांगाडा ताणला जातो, आणि ईआरके नावाच्या विकराला फॉस्फेट चिकटून तो जागा होतो. त्यातून कोलॅजनची जनुके चालू होतात. कॅलिफोर्नियातल्या कीथ बार यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर, हा संदेश मोजला. ताण सुरू केल्यावर तो साधारण दहा मिनिटांत टिपेला पोचला. त्यानंतर ताण चालूच ठेवला तरी पेशी दाद देईनात. पुन्हा पूर्ण प्रतिसाद मिळायला सुमारे सहा तास जावे लागले. आठवडाभर दहा मिनिटे ताण आणि सहा तास खंड असा क्रम ठेवला, तेव्हा अखंड ताणापेक्षा जास्त कोलॅजन जमले. ताण किती झपाट्याने द्यावा याचा या संदेशावर परिणाम झाला नाही. किती ताणले याचा झाला. म्हणजे दुरुस्तीच्या दृष्टीने द्रुत लयीला विलंबितापेक्षा कसलाही जादा मान नाही.

हा प्रयोग बशीतल्या ऊतीवरचा आहे, सतार वाजवणाऱ्या माणसावरचा नाही, हे विसरून चालणार नाही. पण माणसांत मोजलेल्या गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवतात. दमवणाऱ्या व्यायामानंतर कंडरेत कोलॅजन बनण्याचा वेग वाढतो, सुमारे चोवीस तासांनी टिपेला जातो आणि दोनतीन दिवस चढा राहतो. मात्र जुने कोलॅजन मोडणेही त्याच वेळी वाढते, आणि पहिला दीड दिवस मोडीचे पारडे जड असते. जोरकस बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी बैठक केली, तर बांधकाम सुरू होण्याआधीच पुन्हा पाडापाडी होते.

आता थोडे अवघड, पण टाळता न येणारे. जखमी कंडरेत ओढ सगळीकडे सारखी वाटली जात नाही. पाच जण जड कपाट उचलत असतील आणि त्यातला एक लंगडत असेल, तर झटक्यात उचलताना बाकीचे चौघेच भार घेतात. ठिगळाच्या बाबतीत हेच होते. भोवतालचे निरोगी, ताठ धागे ओढ खाऊन टाकतात आणि ज्या पेशींना संदेश हवा त्या कोरड्या राहतात. कंडरा पूर्ण स्थितिस्थापक नसते. ताण एका जागी धरून ठेवला की निरोगी धागे हळूहळू सैलावतात आणि मग उरलेला भार ठिगळावर उतरतो. यासाठी तीसेक सेकंद लागतात. म्हणून झटक्याच्या हालचालींऐवजी स्थिर दाब. बोटाचे टोक टेबलाच्या कडेवर ठेवून कमाल जोराच्या पाव हिश्श्याने दाबायचे, ३० सेकंद धरायचे, दोन मिनिटे सोडायचे, असे चार वेळा. हे वाद्यापासून दूर, वाजवण्याआधी. दाबताना कापल्यासारखी कळ आली तर जोर पाव नव्हे, त्याच्याही निम्मा.

वेळापत्रक यातून आपोआप निघते. तीव्र सूज उतरल्यावर सकाळी ५ मिनिटे आणि निदान सहा तासांनी पुन्हा ५ मिनिटे. तीनचार दिवस तक्रार नसेल तर दोन्ही वेळा १०. दोन्ही वेळा निम्म्या लयीत, मध्यम आवाजात. त्यानंतर तिसरे १० मिनिटांचे सत्र, आणि मगच एखादे सत्र १५ मिनिटांवर. वाढवण्याचा क्रमही ठरलेला हवा: आधी वेळ, मग लय, शेवटी जोर. एकाच आठवड्यात यातल्या दोन गोष्टी वाढवल्या आणि दुखले, तर दोष कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यावेत. वाजवताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळच्या पातळीवर आलेले हवे. नसेल तर एक पायरी मागे, आणि तिथे चार दिवस मुक्काम. मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड करणारी वेदना, लाली आणि ताप, किंवा बोट अचानक वाकेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर गुण देत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

एक सापळा इथे नेहमी असतो. अनामिका दुखावली म्हणून ती पट्टीने बांधायची आणि उरलेल्या बोटांनी वाजवायचे, असे बरेच जण करतात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना वाकवणारा खोल स्नायू बराचसा सामाईक असतो. करंगळी वाकवायला तो आखडला की अनामिकेच्या कंडरेलाही ओढ बसते, आणि अनामिका पट्टीत अडकलेली असल्याने ती ओढ वाया न जाता दुखऱ्या जागी साठते. तर्जनी आणि अंगठा त्यामानाने स्वतंत्र आहेत. अनामिका दुखत असेल तर सुरुवातीला याच दोघांवर भागवावे.

वाद्यही आपल्या बाजूने वळवता येते. तारेचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून गिटारची सगळी लावणी अर्ध्या स्वराने उतरवली की ताण ११ टक्के घटतो, पूर्ण स्वराने उतरवली की जवळजवळ २१ टक्के. साध्या पोलादी तारेत ताण व्यासाच्याही वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दहाच्या गेजऐवजी नऊची तार घेतली तर तोच स्वर १९ टक्के कमी ताणात मिळतो. दोन्ही एकत्र केले तर जवळपास ३६ टक्के. मग दुसऱ्या पडद्यावर केपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की पट्टी पुन्हा मूळची होते आणि साथीदारांना फरकही कळत नाही. केपोचा दुसरा फायदा मोठा आहे. नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी. तिच्याजवळ तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो, कारण आधार अगदी जवळ असतो आणि नटच्या खाचा बहुधा गरजेपेक्षा उंच ठेवलेल्या असतात. केपोने ती उंचीच जाते. तारा फार सैल केल्या की पडद्यांवर खडखडतात आणि वादक नकळत जास्त दाबू लागतो. तेव्हा पूर्ण स्वरापेक्षा खाली जाऊ नये.

पियानोची पट्टी खाली जायला सुमारे ५० ग्रॅम वजन पुरते, पण पट्टी तळाला टेकल्यावरही दाबत राहायची सवय बहुतेकांना असते. त्या दाबाने आवाजात काडीचाही फरक पडत नाही, कारण हातोडी तोवर तारेवर आदळून परतलेली असते. हार्मोनियमवाल्याचा भाता ओढणारा हात दुखावला असेल तर भाता दुसऱ्याकडे द्यावा. तबल्यात आधी चाटेवरचे (कडेवरचे) आणि मैदानातले (कड आणि शाई यांच्या मधले) एकेरी बोल. बायावर मनगट दाबून काढायचा घिस्सा आणि दायावरचे धिरधिर शेवटच्या महिन्यासाठी. गायकांनाही हेच तत्त्व लागू पडते. स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मौन आणि तीन दिवस मौन यांची जपानमध्ये तुलना झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली; तीन दिवसांनंतर व्यवस्थित स्वरोपचार सुरू केलेल्यांचे स्वरतंतू अधिक चांगले भरले.

वीस मिनिटांच्या हिशेबात दिवसभराचे संगीत बसत नाही. उरलेला वेळ मेंदूचा. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओन यांनी पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक पाठ दिला, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने तो वाजवला, दुसऱ्याने पट्ट्यांवर बोटे न हलवता फक्त मनात वाजवला. मनातल्या गटाचे कौशल्य पाचव्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके होते, आणि त्यानंतर एकदा दोन तास खरे वाजवल्यावर ते जवळजवळ बरोबरीला आले. मेंदूतला बोटांचा नकाशा दोन्ही गटांत सारखाच पसरला होता. २०१४ मध्ये निरोगी माणसांचे मनगट चार आठवडे बांधून ठेवले गेले, तेव्हा त्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली. आठवड्यातून पाच दिवस मनातल्या मनात मनगट आवळणाऱ्यांची मात्र २४ टक्केच.

मनातला रियाज म्हणजे रेकॉर्डिंग ऐकत पडून राहणे नव्हे. डोळे मिटून, स्वतःच्याच हातांच्या आतून, कोणते बोट कुठे पडते ते जाणवेल इतक्या लयीत वाजवायचे. एका वेळी दहा मिनिटे पुरेत, त्यापुढे लक्ष विरघळते. घड्याळ लावून बघावे. मनातली बंदिश खऱ्यापेक्षा लवकर संपली तर काही जागा गाळल्या गेल्या आहेत. चित्र जिथे धूसर होते तिथे पाठांतर हाताच्या सवयीवर उभे होते. याने कोलॅजनचा एक धागाही बनत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. मन मेंदू राखते, कंडरा राखायला ओढच लागते.

उपायांच्या बाजारात तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे जोरात आहेत. संधिवाताच्या रुग्णांवर त्यांची नियंत्रित चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. खोट्या कड्यांपेक्षा त्यांनी काही वेगळे केले नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन ही अंधश्रद्धा नाही, पण टेनिस एल्बोमध्ये, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेच्या दुखण्यात, ते काही आठवडे आराम देते आणि पुढच्या महिन्यांत न घेतलेल्यांपेक्षा अवस्था वाईट होते, हे २०१० च्या मोठ्या आढाव्यात आले आहे. कार्यक्रम चार दिवसांवर आहे म्हणून ते मागणाऱ्याला हा दुसरा अर्धा भाग कोणीतरी सांगायला हवा. कोलॅजनच्या पुड्या ज्या प्रयोगाच्या नावावर खपतात, तो २०१७ चा प्रयोग आठ निरोगी पुरुषांवर झाला होता. त्यांना व्यायामाच्या तासभर आधी जिलेटिन आणि क जीवनसत्त्व दिले, आणि रक्तातला कोलॅजननिर्मितीचा एक निर्देशक वाढला. कोणाचे दुखणे बरे झाले का, हे त्यात तपासलेच नव्हते.

पहिला जाहीर कार्यक्रम ठरवताना उलट मोजत यावे. कार्यक्रमात ४० मिनिटे वाजवायचे असेल, तर घरी ४० मिनिटे, पूर्ण लयीत आणि पूर्ण जोराने, मध्ये तीन दिवसांचे अंतर ठेवून तीनदा तक्रारीविना झालेली हवीत. त्यांतली शेवटची बैठक कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी. आदल्या दिवशी हलकी १० मिनिटे, तालीम मनात. कार्यक्रमानंतरचे दोन दिवस पुन्हा १० मिनिटांवर.