रेंटन : एका खेड्यातल्या जगज्जेत्या संघाची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड सरोवरातून निघणारी लेव्हन नदी थोडेच अंतर कापून डम्बार्टनपाशी क्लाइडला मिळते. तिच्या काठी रेंटन हे छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्याचे पोट कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या कारखान्यांवर चाले. मंजिष्ठेच्या आणि पुढे कृत्रिम रंगाने तयार होणारे इथले 'टर्की रेड' कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येई आणि त्यावर मुद्दाम इकडच्या पसंतीचे मोर व वेलबुट्ट्या छापलेल्या असत. रेंटनचा फुटबॉल संघ उभा राहिला तो याच कामगार वस्तीतून, 1872 साली.

स्कॉटिश कपच्या पहिल्याच दिवशी, 18 ऑक्टोबर 1873 रोजी, रेंटनने किल्मारनॉकला हरवले. शेजारच्या व्हेल ऑफ लेव्हनने 1877 पासून सलग तीन वर्षे हा चषक जिंकला, 1883 मध्ये तो डम्बार्टनने नेला आणि 1885 मध्ये व्हेल ऑफ लेव्हनलाच हरवून रेंटनने. काही मैलांच्या टापूत तीन विजेते संघ नांदत होते, हे आज खरे वाटू नये.

या संघाच्या तयारीत 'चिकन ब्री' नावाच्या पेयाला मोठा मान होता. नावावरून कोंबडीचा रस्सा वाटला, तरी ती प्रत्यक्षात पोर्ट वाइनमध्ये फेटलेली कच्ची अंडी होती. माझ्या मते मात्र संघाची खरी ताकद मैदानाच्या मधोमध होती. बचाव आणि चढाई या दोन्हींना जोडणारा जेम्स केली हा मध्यरक्षक तिथे खेळत असे.

स्कॉटिश कपच्या 1888 च्या अंतिम सामन्यात रेंटनने कॅम्बसलँगचा 6-1 असा धुव्वा उडवला. मग 19 मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, गडगडाटी पावसात, इंग्लंडचा चषकविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन समोर आला आणि रेंटनने त्याला 4-1 असे हरवले. संघटित फुटबॉल त्या वेळी मुख्यतः ब्रिटनपुरतेच असल्यामुळे 'जगज्जेते' हे बिरूद गावाने निःसंकोच मिरवले.

त्याच्या नवव्या दिवशी, 28 मे रोजी, ग्लासगोत नव्याने स्थापन झालेल्या सेल्टिकने पहिला सामना खेळला. सेल्टिककडून केली त्यात उतरला होता आणि सेल्टिकच्या इतिहासातला पहिला गोल केला तो रेंटनच्याच नील मॅकॅलमने. इंग्लंडमध्ये 1885 पासून खेळाडूंना उघडपणे पैसे देता येत होते, पण स्कॉटलंडमध्ये 1893 पर्यंत तशी मुभा नव्हती. त्यामुळे चांगला खेळाडू एक तर इंग्लंडला जाई, नाही तर प्रेक्षकांची गर्दी आणि त्यातून येणारा पैसा असलेल्या शहरातल्या संघात. खेड्यातल्या क्लबला त्याला धरून ठेवण्याचा मार्गच उरला नव्हता. रेंटनच्या पडझडीचे मूळ मला इथेच दिसते.

1890 मध्ये स्कॉटिश लीग उभी करण्यात रेंटनच्या सचिवांनीच पुढाकार घेतला होता. पण खेळाडूंना पैसे दिल्याच्या आरोपावरून बंदी घातलेल्या एडिनबराच्या सेंट बर्नार्ड्सशी, त्यांनी दुसऱ्या नावाने उतरवलेल्या संघाविरुद्ध, मित्रत्वाचा सामना खेळल्याचा ठपका आला आणि जेमतेम पाच लीग सामन्यांनंतर क्लबला बाहेर काढण्यात आले. रेंटनने न्यायालयात दाद मागितली आणि पुढच्या हंगामात त्याला परत घेतले गेले. इतक्या छोट्या गावाने दाखवलेली ही हिंमत मला त्या चषकांइतकीच मोलाची वाटते.

तोवर संघ पोकळ झाला होता. 1894 मध्ये तो तळाला राहून दुसऱ्या विभागात गेला. 1895 मध्ये त्याने स्कॉटिश कपची अंतिम फेरी गाठली खरी, पण तिथे सेंट बर्नार्ड्सकडूनच 2-1 अशी हार पत्करावी लागली. 1897-98 च्या हंगामात चार सामन्यांनंतर क्लबने लीग सोडली आणि त्याची जागा हॅमिल्टन अकॅडेमिकलने घेतली. त्यानंतर टॉन्टाइन पार्क या क्लबच्या मैदानावर फुटबॉल चालू राहिला, पण स्थानिक पातळीवरच, आणि 1922 मध्ये क्लब बंद झाला. व्हेल ऑफ लेव्हनचा मूळ क्लबही त्याच दशकात संपला. त्या तिघांपैकी डम्बार्टन तेवढा अजून खेळतो, आणि रेंटनचा जगज्जेतेपदाचा चषक हॅम्पडनच्या संग्रहालयात आहे.