एकांत प्रार्थना, ख्रिस्ती

ख्रिस्ती व्यक्तीने रोजच्या कामधंद्यातून वेळ काढून एकट्याने केलेली प्रार्थना. मंडळीच्या (चर्चच्या) सामुदायिक उपासनेची जागा ती घेत नाही. दोन्ही सोबतच चालतात.

येशू भल्या पहाटे, अंधार असतानाच, एकांतस्थळी प्रार्थनेला गेल्याचे मार्ककृत शुभवर्तमान (१:३५) सांगते. आदल्या संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते आणि पहाटेही शिष्य त्याला शोधत आलेच. खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करण्याचा उपदेश मत्तयकृत शुभवर्तमानात (६:६) आहे, ‘निरंतर प्रार्थना करा’ ही प्रेषित पौलाची आज्ञा (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, ५:१७). नेमलेली वेळ आणि अखंड प्रार्थना यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नाभोवतीच पुढचा विचार वाढला.

नेमलेल्या वेळांचा उगम वादग्रस्त आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या मानल्या जाणाऱ्या ‘डिडाखी’ या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) दिवसातून तीनदा म्हणण्यास सांगितले आहे, कोणत्या वेळी, ते सांगितलेले नाही. काही अभ्यासक या वेळा बायबलमधील संदेष्टा दानिएलाच्या रोजच्या तीन प्रार्थनांशी (दानिएल ६:१०) जोडतात, काही यरुशलेमच्या मंदिरातील यज्ञाच्या वेळांशी. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टलियन (इ. स. २०० च्या सुमारास) दिवसाचा तिसरा, सहावा व नववा तास (सुमारे सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन) सांगतो आणि त्यांसाठी बायबलमधील प्रसंगांचे दाखले देतो, मात्र ही आज्ञा नसून, आपल्याला व्यवहारातून ओढून काढणारी शिस्त आहे, असेही तो मान्य करतो. उपवासावरील नंतरच्या लेखनात तर हे तास दिवसाची व कामाची विभागणी करणारे, लोकांत जाहीर होणारे म्हणून तो नोंदवतो. तेवढ्यावरून यहुदी वारसा नाकारता येत नाही. पण बाजाराचे आणि कचेरीचे वेळापत्रकच प्रार्थनेची आठवण ठरले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पूर्वी रोमच्या हिपॉलिटसच्या नावावर असलेला ‘प्रेषितीय परंपरा’ हा मंडळीच्या नियमांचा ग्रंथ आता अनेक थरांचा मानला जातो, त्यामुळे त्याचा पुरावा जपून वापरावा लागतो. त्यातली एक सूचना मात्र मोलाची आहे: तिसऱ्या तासाला घरी असाल तर प्रार्थना करा; बाहेर असाल तर मनातल्या मनात करा. ही सूचना मठवासीयासाठी नसून कामावर जाणाऱ्या माणसासाठी आहे.

इजिप्तच्या वाळवंटातील साधूंच्या वचनसंग्रहात अब्बा (म्हणजे ‘बाबा’, साधूंची पदवी) ल्यूसियसची कथा येते. ‘आम्ही हातांनी काम करत नाही, निरंतर प्रार्थनाच करतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना त्याने विचारले: तुम्ही जेवता, झोपता तेव्हा प्रार्थना कोण करते? तो स्वतः लव्हाळे भिजवून दोर वळताना ‘देवा, माझ्यावर दया कर’ म्हणत असे. दिवसाच्या कमाईतली दोन नाणी तो दाराबाहेर ठेवी. ती उचलणारा, ल्यूसियस जेवत किंवा झोपलेला असताना, त्याच्यासाठी प्रार्थना करी. पूर्वेकडील मंडळीतील येशूनामाची छोटी प्रार्थना याच वळणाची आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर पुस्तिका लिहिली. सकाळचे पहिले व रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असावे. ‘थोडे थांब, आधी हे उरकू’ या विचारापासून सावध राहावे, असे त्याने बजावले. चांगल्या न्हाव्याचे लक्ष जसे वस्तऱ्यावर, तसे प्रार्थना करणाऱ्याचे शब्दांवर हवे, हा त्यातला दृष्टान्त त्या माणसाच्या हाताशीच होता. कॅथलिक परंपरेत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’त कामात अडकलेल्यांना रोज दीड तास देऊन साधना करण्याची मुभा आहे. कॅथलिक बिशप फ्रान्सिस द साल ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या ग्रंथात (१६०९) गृहस्थाश्रमी माणसाला सकाळच्या ध्यानाबरोबरच दिवसभर, काम चालू असतानाच, मनाने क्षणभर माघार घ्यायला शिकवतो. वेळेची तक्रार करणाऱ्यास त्याचा उपाय सर्वांत व्यवहार्य ठरतो.

प्रॉटेस्टंटांतील सकाळची ‘शांत वेळ’, म्हणजे बायबलवाचन व प्रार्थना, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी चळवळींतून रुजली आणि विसाव्या शतकात सर्वदूर पसरली.