औषध मारणं, औषध घेणं: खान्देशातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

जुलैत कपाशी गुडघ्याला लागली की चोपडा-अमळनेरकडच्या घरांतून सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आज वावरमा दवा मारानी शे.’ इथे दवा म्हणजे तुडतुड्यांवर फवारायचं कीटकनाशक. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या हीसुद्धा दवाच. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. इथल्या माणसाला तो बोलताना कधी अडत नाही, अडतो तो वेगळ्याच प्रसंगी. त्याकडे येतोच.

मूळ शब्दाची गोष्ट थोडक्यात उरकतो. ओषधि म्हणजे वनस्पती, त्यातही फळ पिकलं की वाळून जाणारी. तिच्यापासून केलेलं ते औषध. अमरकोशात त्याला भेषज, भैषज्य, अगद आणि जायु असे आणखी चार पर्याय आहेत. जायु कुणाच्याच तोंडात राहिला नाही. अगद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोशात तो औषधाचा साधा समानार्थी, पण आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे विषावरच्या उपचारांचं अंग. म्हणजे औषध आणि विष पहिल्यापासून एकमेकांचे शेजारी.

दवा अरबीतला, दारू फारसीतला. फारुकी सुलतानांची राजवट 1601 मध्ये संपून मुघल आले तरी दरबारातली फारसी तीच राहिली, त्यामुळे हे शब्द इथे मुरायला वेळ भरपूर मिळाला. फारसीत दारू म्हणजे औषधच. मराठीत तिचा तो अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात तेवढा जिवंत आहे. एरवी दारू प्यायची, नाहीतर तोफेत ठासायची. सातपुड्यात मोहाची दारू पाहुण्याला देतात, देवालाही वाहतात, आणि अंग मोडून आलं की चोळतातही. तिथे फारसी अर्थ फारसा मेलेला नाही म्हणायचा.

खरी गुंतागुंत मात्र या जुन्या काळात नाही. ती गेल्या सत्तर वर्षांतली आहे.

1953 मध्ये हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक मारायला माणसं येऊ लागली. आमच्याकडच्या जुन्या बायका अजून सांगतात, ‘औषध मारणारे यायचे, मग आम्ही भांडी बाहेर काढायचो.’ पंप, पांढरं पाणी, भिंतीवर राहणारे डाग. हे सगळं सरकारी आरोग्य खात्याकडून आलं, तापाच्या नावानं आलं, म्हणजे औषधच असणार. याच घराण्यातल्या भुकट्या मग शेतात उतरल्या, त्याही तेच नाव घेऊन. माझ्या मते ‘औषध मारणे’ हा प्रयोग रुजला तो इथे. अडाणी शेतकऱ्यानं विषाला औषध म्हटलं, ही समजूत मला पटत नाही. ज्यांनी ते दारात आणलं त्यांनीच तसं सांगितलं होतं. पुढे 1989 मध्ये शेतीसाठी डीडीटी बंद झालं, 1997 मध्ये त्याच घराण्यातलं बीएचसी हे कीटकनाशक बंद झालं. नाव मागे राहिलं.

कायद्यानं मात्र दोन घरं स्वच्छ वेगळी केली आहेत. माणसाच्या औषधांना 1940 चा कायदा, कीटकनाशकांना 1968 चा. 1971 च्या नियमांनी डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन आणला, त्याचे दोन त्रिकोण. खालच्यात रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा, जहालपणाच्या उतरत्या क्रमानं. वरच्यात इशारा: लाल आणि पिवळ्याला ‘विष’, निळ्याला ‘धोका’, हिरव्याला ‘सावधान’, आणि लालवर शिवाय कवटी. आता हाच डबा ज्या दुकानात मिळतो त्याची पाटी वाचा: ‘खते, बियाणे व औषधे’. डब्यावर विष, पाटीवर औषध, आणि मधे काउंटरवर कोपर टेकून उभा असलेला शेतकरी विचारतोय, ‘पंपाला किती झाकणं टाकू भाऊ?’

दुकानदारांची बाजू अशी की नावानं काही होत नाही, माणसाला वापर समजला म्हणजे झालं. पण भाषा तेवढ्यावर थांबलेली नाही. केळीला खताचा ‘डोस’ देतात. वाढीसाठी फवारायचं ते ‘टॉनिक’. रावेर-यावलकडे केळफुलात इंजेक्शन देतात, म्हणजे केळीला सुईसुद्धा लागली. पीक हा पेशंट झाला, आणि पेशंटला देतात त्याला विष कोण म्हणेल? हातमोजे न घालता, तोंडाला साधा रुमाल बांधून फवारणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी हा शब्दसंग्रह त्याला कुणी शिकवला ते बघायला हवं.

सगळ्यात अवघड शब्द वर्तमानपत्रांतला: ‘विषारी औषध प्राशन केले’. सवयीनं आपण तो वाचून पुढे जातो. विषारीही आणि औषधही? बातमीदाराची अडचण खरी आहे. नुसतं ‘औषध प्राशन’ लिहिलं तर वाचक गोंधळेल, ‘कीटकनाशक’ हा शब्द घरच्यांच्या जबाबात नसतो. म्हणून लोकांचा शब्द ठेवून त्याला विशेषण चिकटवलं. तडजोड म्हणून ठीक, पण त्यातून मूळ नावाला छापील मान्यता मिळाली. विशेष म्हणजे 2017 मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले तेव्हा सगळीकडे ‘विषबाधा’ असाच शब्द आला. औषधबाधा असा शब्द मराठीत कुणी केलेला नाही. बाधा झाली की ते विष, बाटलीत असेतो औषध.

दवाखान्यात हा पेच उलटा फिरतो. बेशुद्ध माणसाला खाटेवर टाकल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं औषध? बाटली आणली का?’ सेंद्रिय फॉस्फरस गटातलं कीटकनाशक असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. ते मूळचं बेलाडोना या जहाल विषारी झुडपातलं. म्हणजे औषध नावाच्या विषावर विषारी झाडातलं औषध. अगदतंत्रवाल्यांना यात नवल वाटलं नसतं.

आणि घरातली सहाण आठवा. बाळघुटीत वेखंड, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा यांच्या ओळीत अतिविषाची कळी असते. आजी तिचे दोन वेढे उगाळते आणि महिन्याच्या बाळाच्या जिभेला बोट लावते. नावात विष आहे म्हणून कुठल्याही आजीचा हात थांबलेला मी पाहिला नाही. तिची जहाल भावंडं, बचनागासारखी, तिला माहीत होती आणि ती सहाणेच्या जवळही येत नसत. नावापेक्षा ओळख पक्की होती, हा त्यातला फरक. बाटलीची तशी ओळख अजून कुणी करून दिलेली नाही. माहितीपत्रक देतात, पण त्याची अक्षरं मुंगीएवढी असतात आणि पहिल्याच फवारणीला ते भिजून जातं.

‘स्वभावाला औषध नाही’, ‘औषधालासुद्धा सापडत नाही’ या म्हणण्यांत अजून जुना, निर्मळ अर्थ आहे. बोलण्यात मात्र माणसाच्या वाट्याचा शब्द हळूहळू आटतोय. दुकानाचं ‘मेडिकल’ झालं, आतल्या वस्तूच्या ‘गोळ्या’ झाल्या, खोकल्याची बाटली ‘सिरप’. गावात ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य कुणी हळू आवाजात बोललं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, थेट गाडी काढतो. संध्याकाळी जेवण झाल्यावर सून सासऱ्याला विचारते ते ‘आप्पा, गोळ्या घेतल्या का?’ असंच. ‘औषध घेतलं का?’ असं आमच्या गल्लीत आता कुणी विचारत नाही.